निघण्याआधीचं दही

सेतुराम हे माझे धाकटे दीर. मी लग्न होऊन तंजावूरला आले तेव्हा मी सोळा वर्षांची आणि ते सात वर्षांचे. पण दीर तो दीर. त्यांना भाऊजी म्हणायचं, अहोजाहो करायचं, अशी सासूबाईंची ताकीद होती. शाळेत निघताना त्यांचं नाक वाहत असायचं आणि मी पदर पुढे करून म्हणायची, "भाऊजी, जरा शिंकरता का?" पंचावन्न वर्षं झाली, अहोजाहो काही सुटलं नाही. नाक तेवढं आता ते आपलं आपण पुसतात.

मोठे झाल्यावर त्यांना पाटबंधारे खात्यात नोकरी लागली. काम एकच, कालव्याच्या पाण्याची उंची मोजायची. कावेरीचं पाणी कल्लणैच्या बंधाऱ्यापाशी फुटून आमच्या भातशेतात येतं. वाटेत जागोजाग लोखंडी दारं आहेत, आणि दारापाशी आकडे रंगवलेली पट्टी. ती पट्टी वाचायची नि वहीत लिहायची. आधी सायकलवरून, मग मोपेडवरून, अशी छत्तीस वर्षं. ज्या वाटेनं जायचे त्याच वाटेनं परत यायचे. कल्लणैच्या पलीकडे त्यांची मोपेड कधी गेली नाही.

त्यांची बायको शांभवी. मूलबाळ झालं नाही. ती रोज सकाळी त्यांच्या तळहातावर चमचाभर दही ठेवायची. प्रवासाला निघणाऱ्याला घरातल्या बाईनं दही द्यावं आणि तो वळणाआड होईतो दारात उभं राहावं, ही आमची रीत. कालव्यावर जाणं म्हणजे काही प्रवास नव्हे, असं मी म्हटलं तर ती म्हणायची, "पाण्याकडे जातात ना अक्का, मग झाला प्रवास." चार वर्षांपूर्वी ती गेली. दोनच महिन्यांनी भाऊजींची नोकरीही संपली. दही देणारी नाही आणि जायला कालवाही नाही.

दोन वर्षं ते तसेच बसून होते. मग त्यांनी गाडी घेतली.

गाडी म्हणजे मोटारसायकल, पण साधी नव्हे. डोंगरातून, खडकातून लांबच्या प्रवासाला नेतात ती. एवढी उंच की भाऊजी आधी चबुतऱ्यावर उभे राहायचे आणि मग तिच्यावर पाय टाकायचे.

"या उंटावरून कुठे जायचं म्हणता?" मी विचारलं.

"तलकावेरीला. छत्तीस वर्षं हिचं पाणी मोजलं वैनी, ते निघतं कुठून ते पाहिलंच नाही."

"बसनं जा की."

"बस नदीच्या काठाकाठानं जात नाही."

आमची घरं राजवाड्यामागच्या गल्लीत, भिंतीला भिंत लागून. माझ्या यजमानांना जाऊन अकरा वर्षं झाली. मुलगा मेलबर्नला असतो, आठवड्याला फोनवर तोंड दाखवतो. माझ्या घरात माणसाचा आवाज दिवसातून दोनदा होतो. सकाळी सातला भाऊजी कापीला, म्हणजे कॉफीला, येतात तेव्हा, आणि संध्याकाळी पाचला पुन्हा. ते जाणार ते दहा दिवस, पण वय साठ आणि रस्ता घाटाचा. जाऊ नयेत असं मला वाटत होतं. तोंडानं मी म्हटलं, "जा, बरं वाटेल."

ते मात्र लगेच निघाले नाहीत. तयारीत दोन वर्षं घातली.

आधी सामानाच्या पेट्या आणल्या, त्रिचीहून, पत्र्याच्या, चौकोनी, भक्कम. दोन्ही बाजूंना लावल्या आणि गाडी घरात घ्यायला गेले तर ती दारात अडकली. आमच्या घरांची दारं पालखी जाईल अशी नाहीत. मागे घ्यावी तर खरकन चौकट सोलली. शेवटी पेट्या परत केल्या आणि जाड कापडाच्या पिशव्या आणल्या, दोन्हीकडे लोंबणाऱ्या. त्या मी वाटीभर पाणी ओतून पाहिल्या. शिवणीतून पाणी झिरपलं. मग आत घालायला रबरी पिशव्या आल्या.

पुढच्या बाजूला लोखंडी नळ्यांचं कुंपण बसवलं, गाडी पडली तर इंजिन वाचावं म्हणून. पोटाखाली ताटासारखा जाड पत्रा, दगड लागू नये म्हणून. हात झाकायला ढाली. धुक्यासाठी दोन पिवळे दिवे. मी म्हटलं, "भाऊजी, हिला एवढे दागिने घातलेत, शांभवीला नव्हते घातले." ते हसले. मग उगाचच दिव्याची काच पुसायला लागले, आणि मला आपली जीभ चावावीशी वाटली.

अंगरख्याच्या बाबतीत मात्र माझं ऐकलं. गाडीवर घालायचा जाड अंगरखा आणला होता, खांद्याला, कोपराला, पाठीला आतून कडक गाद्या लावलेला. मी चाळीस वर्षं गल्लीतल्या बायकांच्या चोळ्या शिवल्या आहेत. तो उलटा करून शिवणी पाहिल्या आणि भाऊजींना घालायला लावला. म्हटलं, "हात वाकवा, गाडी धरल्यासारखे." हात वाकवल्यावर कोपराची गादी सरकून मनगटाकडे आली.

"पडलात तर कोपर कुठे आणि गादी कुठे," मी म्हटलं. "एक माप लहान घ्या."

"आत स्वेटर घालायचा तर सैल हवा, असं दुकानदार म्हणाला."

"दुकानदार पडणार आहे का?"

त्यांनी बदलून आणला. लहान मापाच्या अंगरख्यात गादी कोपरावरच राहिली. तसेच बूट घोट्याच्या वर येणारेच घेतले, आणि हातमोजे चामड्याचे, बोटांच्या सांध्यांवर टणक.

आणि साखळी. दर पाचशे किलोमीटरला साखळी साफ करून तेल द्यायचं, असं गाडीच्या पुस्तकात आहे. भाऊजींची गाडी महिन्यात साठ किलोमीटर चालायची, तिरुवैयारूपर्यंत जाऊन नदी बघून परत. तरी दर रविवारी ते घासलेट लावून ब्रशनं साखळी घासायचे, माझ्या जुन्या सुती लुगड्याच्या चिंध्यांनी पुसायचे आणि फवारा मारायचे. रोज सकाळी चाकांची हवा मोजून वहीत आकडा लिहायचे, जसं पाणी लिहायचे तसं. गाडी चालून झिजेना, ती पुसून झिजायला लागली.

गेल्या पोंगलनंतर एकदा निघाले होते. सगळं बांधलं, अंगरखा चढवला आणि गाडी माझ्या दारासमोर आणून उभी केली. इंजिन चालू होतं. मी आत कडी लावून बसले होते. विधवेनं निघालेल्या माणसासमोर येऊ नये, ही जुनी समजूत. ती मला ठाऊक होती, त्यांनाही ठाऊक होती. दूध उतू जायला लागेल इतका वेळ इंजिन दाराशी धडधडत राहिलं, मग गेलं. नऊ वाजता भाऊजी परत.

"पुढच्या चाकात हवा कमी वाटली," म्हणाले.

मी कापी दिली. त्यांनी ती पिऊन पेला उपडा ठेवला. पण खरं सांगायचं तर ती समजूत त्या सकाळी माझ्या फार सोयीची होती.

या दिवाळीला मात्र त्यांनी पक्कं ठरवलं. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी निघायचंच.

नरकचतुर्दशीला सूर्य उगवण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्या माणसानं सगळ्यांच्या डोक्याला तिळाचं तेल घालायचं असतं. भाऊजी सात वर्षांचे असल्यापासून त्यांच्या डोक्यावर मी तेल घालते. आता केस राहिले नाहीत, तेल नुसतं ओघळतं. तेल घातलं, ते न्हाणीघरात गेले, आणि वाटीत बरंच तेल उरलं. समोर बोळात गाडी उभी होती, झेंडू घातलेली. माझ्या मनात आलं, सणाच्या दिवशी घरातलं कुणी बिनतेलाचं राहू नये. ती तरी आता घरातलीच. मी तिच्या दिव्याला तेलाचं बोट लावलं. खाली पुढच्या चाकाच्या मधोमध भोकंभोकं असलेली एक चकचकीत तबकडी आहे, ती मला सुदर्शन चक्रासारखी वाटली. तिला दोन्ही हातांनी छान चोळून तेल लावलं. हात पुसायलाही बरं पडलं.

फराळ झाल्यावर नऊच्या सुमारास भाऊजींनी सामान बांधून एक फेरी मारायचं ठरवलं. वजन कसं पेलते ते बघायला. गल्लीच्या टोकाला शहाळीवाला बसतो. तिथे वळायचं म्हणून त्यांनी पुढचा ब्रेक दाबला. गाडी थांबेना. मागच्या ब्रेकनं थोडी मंदावली, पण तशीच जाऊन रिकाम्या शहाळ्यांच्या ढिगात शिरली आणि आडवी झाली. मी दारातून पाहत होते. माझ्या पायात चप्पल नव्हती, ते मला तिथे पोचल्यावर कळलं.

भाऊजी उठून बसले होते. अंगरखा कोपरावर फाटून आतली गादी दिसत होती. कोपर शाबूत होतं. गाडीच्या हाताच्या ढालीला ओरखडे, बाकी काही नाही. शहाळीवाला म्हणत होता, "सामी, शहाळं हवं होतं तर सांगायचं."

कीळवासलचा गुरुमूर्ती मेकॅनिक आला. चाकाशी बसला, तबकडीवरून बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं.

"हे इंजिनचं तेल नव्हे," तो तमिळमध्ये म्हणाला. "हे न्हाण्याचं तेल आहे. कुणी हो लावलं?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं नव्हतं, तरी मला तसं वाटलं. "मी," मी म्हटलं.

गुरुमूर्ती मला पाट्टी म्हणतो, म्हणजे आजी. तो हळूच म्हणाला, "पाट्टी, ब्रेकच्या तबकडीला कधी तेल लावायचं नाही. साखळीला लावायचं. तेही हे नाही."

भाऊजी रस्त्यावरच बसलेले. माझ्याकडे बघत म्हणाले, "वैनी, तेल घातलंत ते ठीक. शिकेकाई कोण लावणार होतं?"

शहाळीवाला हसला, गुरुमूर्ती हसला. मी नाही हसले. कारण त्या क्षणी माझ्या मनात पहिलं हेच आलं होतं, की आता हे जाणार नाहीत. जीव वाचला हे त्याच्या नंतर आलं. एवढी मी वाईट आहे असं मला ठाऊक नव्हतं.

दोन दिवस मी त्यांच्या घरी गेले नाही. ते मात्र सातला नि पाचला येत राहिले. गुरुमूर्तीनं तबकडी स्पिरिटनं पुसली आणि ब्रेकच्या तेल प्यालेल्या गाद्या टाकून नव्या बसवल्या. अंगरख्याची फाटलेली बाही मी माझ्या घरी बसून दुहेरी दोऱ्यानं शिवली. ठिगळाला शांभवीच्या पिशवीचं जाड कापड लावलं. शिवता शिवता मी भाऊजींना सगळं सांगून टाकलं. कडी लावून बसल्याचं, आणि रस्त्यावर मनात काय आलं तेही.

भाऊजी पेल्यातली कापी वाटीत आणि वाटीतली पेल्यात करत राहिले.

"पोंगलला चाकात हवा बरोबर होती," ते म्हणाले. "वहीत आकडा आहे."

"ठाऊक आहे मला."

"गुरुवारी निघतो. दही तुम्ही द्यायचं."

"भाऊजी, मी विधवा. निघताना माझं तोंड बघू नये."

"मीही विधुरच. गाडीला दोन आरसे आहेत वैनी, दोन्हीत तलकावेरीपर्यंत माझंच तोंड दिसणार. त्यात तुमचं एक."

गुरुवारी पावसाची झड नुकती थांबली होती. मी वाटीत दही घेऊन दारात उभी राहिले, कडी उघडी टाकून. भाऊजींनी हातमोजे आधीच चढवले होते. उजवा काढायला वेळ लागला, कारण नवे मोजे घट्ट असतात. मी त्यांच्या तळहातावर चमचाभर दही ठेवलं. त्यांनी हेल्मेटचा पुढचा भाग वर केला, चाटलं आणि सातव्या वर्षी नाक पुसायचे तसा हात माझ्या पदराला पुसला.

"दहा दिवस," म्हणाले. "सातला फोन करीन. पाचलाही."

मी मान हलवली.

गाडी गल्लीतून गेली. शहाळीवाल्यापाशी रस्ता मोकळा होता, कुणी आडवं आलं नव्हतं. तरी तिथे गाडीचा मागचा लाल दिवा लागला आणि गाडी जागच्या जागी थांबली. मला दाखवण्यासाठी. मग दिवा विझला आणि ती वळली.

मी आत आले. येताना पाहिलं, समोरच्या बोळात जमिनीवर साखळीच्या तेलाचे दोन ठिपके होते. ते पुसले नाहीत. वाटीत थोडं दही उरलं होतं. मला कुठे जायचं नव्हतं, तरी ते तळहातावर घेऊन खाल्लं.