मोहरीएवढी निळी फुलं

अनसिंग गावाच्या पुढे, एका वाडीमागच्या माळावर पोस्टिंग झाली तेव्हा मी लष्कराच्या सॅपर तुकडीत हवालदार होतो. एकोणीसशे पन्नास साल उलटून गेलं होतं. महायुद्धाच्या काळात या माळावर तोफांचा सराव झाला होता आणि न फुटलेले गोळे तिथेच जमिनीत राहिले होते. ते काढायचे, म्हणजे वाडीची गुरं पुन्हा तिथे चरतील, एवढंच काम.

आम्ही सहा जण होतो. टपाल आठवड्याने यायचं. वाडीचे लोक आमच्यापासून लांब राहत आणि तेच बरोबर होतं. संध्याकाळी एकमेकांशी बोलायचं सगळं संपलेलं असे. पुढे मी सीमेवर राहिलो, पण इतकं एकटं कधी वाटलं नाही.

धातू शोधणारा डिटेक्टर कुचकामी होता. तिथल्या काळ्या दगडातच लोखंड, त्यामुळे यंत्र जागोजागी किंचाळायचं. युक्ती शोधली ती लान्स नाईक धोंडीरामने. गोळा शिरला तिथे खोलगट राहतं, त्यात पाणी टिकतं आणि भादव्यात नेमकी तिथेच मोहरीएवढी निळी फुलं येतात. बाकी माळावर नुसतं कुसळी गवत. उभ्या माणसाला ती फुलं दिसत नाहीत. रोज सकाळी आम्ही गाल जमिनीला टेकवून ती शोधायचो. फूल दिसलं की लाल झेंडी लावायची.

"सरकार आपल्याला फुलं हुंगायचा पगार देतंय," धोंडीराम म्हणायचा. तो होता म्हणून दिवस जायचे.

आमच्याशी बोलायला येणाऱ्या एकट्या सारजाबाई. माळाला बांधलेल्या पांढऱ्या फितीबाहेर त्या शेळ्या चारायच्या. एकदा त्यांनी धोंडीरामला विचारलं, "काहून रे बाबू, रोज त्या फुलायकडं पाहून राह्यला?"

आम्ही गोळे कसे ओळखतो ते वाडीत सांगायचं नाही, असा हुकूम होता. गोळ्यांवरच्या पितळेच्या मोहाने लोक खणायला लागले असते.

"आवडतात, माय," तो म्हणाला.

महालक्ष्म्यांच्या दिवशी धोंडीरामने फितीलगतची नवी पट्टी शोधायला घेतली. मी दुसऱ्या टोकाला दोरी धरून उभा होतो.

"पट्टी?" मी ओरडून विचारलं.

"क्लिअर. एकही फूल नाही."

"खुंटी मार, दोरी बांधू."

त्याने लोखंडी खुंटीवर हातोडा घातला. मी पाठीवर पडलो. उठलो तेव्हा कान बंद होते. त्याच्यापाशी पोचलो, पण करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी त्याच्यावर ब्लँकेट घातलं.

सारजाबाई धावत आल्या. आमच्यातल्या एका जवानाने त्यांना फितीपाशी अडवलं. त्यांच्या पदरात तीच निळी फुलं होती, देठ अजून ओले.

"त्याच्यासाठीच तोडली सकाळी," त्या म्हणाल्या. "सणाचा दिस, लेकरू घरापासून दूर. आत नाही गेली मी. फितीच्या आत हात घालून तोडली. कुठं हाय थो?"

मला सगळं कळलं. त्यांना कळलं नव्हतं. माझ्या तोंडून एक शब्द निसटला असता, तर त्या बाईला जन्मभर झोप लागली नसती.

"गोळा फुटला, माय. तो गेला."

त्या फितीपाशीच खाली बसल्या. पदर पुढे करून म्हणाल्या, "त्याले खरंच आवडत होती ना थे फुलं?"

"फार आवडत होती."

मी ती ओंजळीत घेतली आणि ब्लँकेटवर ठेवली. चौकशीत मी सांगितलं, खूण दिसली नाही. ते खरंच होतं.

नदीनाले भरलेले होते, त्याला गावी नेता येईना. दहन माळाच्या कडेलाच करावं लागलं. त्या रात्री तंबूत त्याची जागा रिकामी होती आणि मी रडलो.

पुढच्या उन्हाळ्यात माळ मोकळा झाला. बऱ्याच वर्षांनी मी वाडीत गेलो, तेव्हा सारजाबाई वारल्या होत्या. मरेपर्यंत दर महालक्ष्म्यांना त्या माळावर वाकून वाकून ती फुलं शोधायच्या आणि धोंडीरामच्या दहनाच्या जागी ठेवायच्या, असं त्यांच्या सुनेने सांगितलं.

"इतकी बारीक फुलं त्या जवानाले काहून आवडत होती?" तिने विचारलं.

मी तिलाही सांगितलं नाही. धोंडीरामनेही सांगितलं नसतं.