टेकडीवरचा प्लॉट

आमचा शिवदास फौजेत कॅप्टन झाला, पण पैशाच्या बाबतीत पहिल्यापासून ढ! सुट्टीवर आला की निम्मा पगार चाळीतल्या पोरांना खाऊ घालण्यात उडवायचा. सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात मात्र एकदम शहाणा झाला. "ताई, बाबांची गिरणी गेली ती गेली. आईला स्वतःचं घर पाहिजे," म्हणाला, आणि दहिसरला टेकडीच्या अंगाला एका प्लॉटचा इसार देऊन मोकळा.

मी जाऊन बघते तर नुसता खडक! पाणी नाही, रस्ता नाही. खाली सपाट जागा त्याच भावात मिळत होती.

"अरे, तू घर बांधणार आहेस की फौजेची चौकी?"

"उंचावरून सगळीकडे नजर जाते गं."

नजर घालायचीय का चुलीत? कडाकडा भांडले. पण तो ऐकेल तर शपथ. उरलेली रक्कम माझ्या हवाली केली, खरेदीसाठी माझ्या नावाने मुखत्यारपत्र करून दिलं, आणि गेला युनिटवर. तिथून श्रीलंकेला.

ऑक्टोबरात जाफन्यात लढाई पेटली आणि त्याची पत्रं थांबली. आई रोज पेपर वाचून दाखवायला सांगायची. मी नको त्या बातम्या गाळून वाचायचे.

नोव्हेंबरात खरेदीखताची मुदत आली. आईला घेऊन रजिस्ट्रार कचेरीत गेले. जागामालकाच्या वकिलाने कागद पुढे सरकवला. "मुखत्यारपत्र देणारा हयात असेल तरच ते चालतं, बाई. तो हयात आहे, एवढं लिहून सही करा."

मी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. लिहिलं आणि खोटं ठरलं तर? नाही लिहिलं, तर आईच्या देखत मी काय कबूल केल्यासारखं होणार होतं? वकील घड्याळ बघायला लागला. असा संताप आला म्हणून सांगू!

"काय लिवक सांगतत?" आईने विचारलं.

मी सांगितलं.

"मग लिव गो. माझो झील आसा."

तिचा मुलगा आहे, म्हणजे आहेच!

लिहिलं. सही केली. घरी येऊन मोरीत नळ सोडला आणि पोटभर रडले.

फेब्रुवारीत शिवदास आला, खांद्याला बँडेज बांधून. जेवणं झाल्यावर गॅलरीत मी त्याला हे सगळं रंगवून सांगितलं. वाटलं, आता हसेल, माझी टर उडवेल. त्याने बँडेजची गाठ चाचपली.

मग हळूच म्हणाला, "ताई, त्या दिवसांत 'तू हयात आहेस का' असं मला विचारलं असतं ना, तर मी स्वतःसुद्धा तसं लिहून दिलं नसतं."