तोंडात आलेली लसणाची चव

फोडणीत लसूण पडला की हिंगोलीतल्या कॉलेजची प्रयोगशाळा आठवते. पेशींपर्यंत वाढीचा निरोप पोचू न देणारं रसायन मी बाटलीतून काढत होते आणि फाटक्या हातमोज्यातून थेंब मनगटावर पडला. त्याच सकाळी मला दिवस गेल्याचं कळलं होतं. ते रसायन ज्या द्रावकात विरघळवलेलं होतं, तो कातडीतून आत शिरताना रसायनही सोबत नेतो आणि तोंडाला लसणाची चव येते. मी लगेच नळाखाली हात धरला, तरी चव आलीच. "काहून घाबरून राहिली, पोरी?" मॅडमनी विचारलं. मी पोटावर हात ठेवला, तसा त्यांचाही चेहरा उतरला. पुढे सोनोग्राफी करताना डॉक्टरीणबाई पडदा माझ्याकडे वळवून म्हणाल्या, "ऐक, ठोके बराबर आहेत." लेकरू आता शाळेत जातं. साधा ताप आला, तरी मी अजून आधी त्याच्या छातीला कान लावते.