गोट्याचा मान

कवठे महांकाळकडच्या ज्या गावात मी शिकवत होतो, तिथं मारुतीपुढं एक दगडी गोटा आहे. यात्रेला कुणीतरी तो खांद्यावर घेतल्याशिवाय कुस्त्या सुरू होत नसत. आधी बाकीच्यांनी हात लावून बघायचा. कुणालाच नाही जमलं, तर गेल्या सालच्या मानकऱ्यानं उठायचं.

मानकरी होते सयाजीराव, फौजेतून हवालदार होऊन परतलेले. पन्नाशी ओलांडलेली. बांधावरून भांडणाऱ्यांना ते समजावत, "फौजेत माघार घ्यायलाबी शिकवत्यात. कवा फिरायचं हे कळलं, त्यो खरा शिपाई." लोकांना ते पटे. गोट्याचा विषय मात्र कुणी काढत नसे.

त्र्याहत्तरच्या यात्रेत गोटा त्यांच्या गुडघ्यापाशी बराच वेळ अडला, मग कसाबसा खांद्यावर गेला. नंतर आठवडाभर ते अंथरुणावर. विचारलं तर म्हणाले, "यात्रेचं जागरण, गुरुजी."

सांगलीच्या बाजारात हळदीची पोती वाहणारा धुळा गोट्यापाशी आला, की तोंड वाकडं करी, जरा हलवल्यासारखं करी आणि सोडून देई. "न्हाई बा. सयाजीआण्णांचंच काम हाय ते." बाकीची पोरंही तेच करीत. सयाजीराव धोतराचा काचा मारत उठत. "पोरांचं दूधच पातळ झालंय."

पुढच्या यात्रेच्या आदल्या दिवशी त्यांच्या बायकोनं, बनुबाईंनी, धुळ्याला पाणवठ्यावर गाठलं.

"तू मान देतुयास, पर त्यो मला लय महाग पडाय लागलाय. उद्या गोटा उचल. न्हाईतर माज्या मानसाला उचलायला ये."

दुसऱ्या दिवशी धुळ्यानं गोटा उचलला. फारसं न कण्हता. हलगी थांबली, सगळे सयाजीरावांकडं बघू लागले. ते सावकाश पुढं गेले, स्वतःचा फेटा सोडून धुळ्याला बांधला आणि म्हणाले, "ठेव आता खाली. दावून झालं." मग कुस्त्या न बघताच घराकडं निघाले. मी सोबत गेलो.

"तीन वर्सं वाट बघतुया, गुरुजी," ते म्हणाले. "ही पोरं मेली मान देत्यात."

"मग आपणच नाही म्हणायचं."

"आन् कुस्त्या कशा लागायच्या?" थोडं चालून ते पुढं म्हणाले, "आन् म्या न्हाई म्हनायचं?"

पंचाहत्तरच्या यात्रेला मात्र सयाजीराव गावात नव्हते. फलटणला लेकीकडं गेले होते. म्हातारा रुसला, असं लोक म्हणाले. परतल्यावर मी भेटायला गेलो.

"रुसायचं काय त्यात?" ते म्हणाले. "म्या हितं असलो, तर धुळा परत मान देत बसंल. म्हनून गेलो."

बनुबाई चहा घेऊन आल्या होत्या. "धुळ्याचं नाव कशाला घेता? गोटा दिसला की तुमचंच हात शिवशिवत्यात. म्याच धरून न्हेलं ह्यांस्नी, गुरुजी."

सयाजीरावांनी चहा बशीत ओतला आणि बराच वेळ फुंकर घालत राहिले.