होयबाचं स्वतःचं मत

त्याला सगळे होयबा म्हणत, आणि त्यालाही ते सवयीचं झालं होतं. सलून चालवणाऱ्यानं दुसरं करावं तरी काय? माणसाच्या गळ्याला वस्तरा लावून त्याच्याशी वाद घालणं शहाण्याचं काम नव्हे. खुर्चीतला माणूस सरकारला शिव्या घालू लागला की होयबा म्हणे, "बरोबर आहे." पुढचा त्याच सरकारचे गोडवे गाऊ लागला, की त्याचंही बरोबर. कोपऱ्यातल्या बाकावर अभ्यास करत त्याची मुलगी हे सगळं ऐकत मोठी झाली. शाळा संपल्यावर ती राज्यशास्त्र शिकायचं म्हणाली तेव्हा गिऱ्हाइकं चकित झाली. होयबाला मात्र काही नवल वाटलं नाही.

दोन विद्यापीठांनी तिला घेतलं. एक गावातलंच, संध्याकाळी घरी जेवायला येता येईल असं. दुसरं दोन गाड्या बदलून जाण्याइतकं लांब. तिथे वर्गात मोजकीच मुलं, आणि प्रत्येकानं उभं राहून आपलं म्हणणं मांडायचं, बाकीच्यांनी ते खोडून काढायचं. बायको गेल्यापासून घरात बापलेक दोघंच. कुठे जाणार ते उद्या कळवायचं होतं.

त्या संध्याकाळी दुकान लवकर बंद करून त्यानं तिला खुर्चीत बसवलं. तिचे केस लहानपणापासून तोच कापायचा.

"इथलंच बरं ना, बाबा? तुमच्या जेवणाखाण्याकडे बघता येईल."

"बरोबर आहे."

"पण इथे शिक्षक सांगतात आणि मुलं उतरवून घेतात. तिकडे बोलायला लावतात."

"तेही बरोबर आहे."

ती आरशातून त्याच्याकडे बघत राहिली. "बाबा, मी गिऱ्हाईक नाहीये."

कात्री थांबली. मत त्याच्या पोटात कधीचं तयार होतं: पोरीनं इथेच राहावं. आपण नुसती मान डोलवत राहिलो तर ती आपल्या काळजीनं आपणहून इथलंच घेईल, हेही त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याला स्वतःची लाज वाटली.

"मला विचारशील तर जाऊ नकोस," तो म्हणाला. "घर खायला उठेल मला. पण ही झाली माझी सोय. तुझ्या शिक्षणाचं विचारशील, तर लांबचंच घे. मी पोटासाठी जन्मभर माना डोलावल्या. तू तिथे उभी राहा आणि बोल. कुणी खोडून काढलं, तर पुन्हा बोल."

मग डोळ्यांत केस गेल्याचं निमित्त करून तिनं डोळे पुसले. त्यानंही ते खरं मानल्यासारखं केलं.

"बाबा, जरा जास्तच कापा. सुट्टीत घरी येईपर्यंत पुन्हा कापायला नकोत."

"का? तिकडे काय सलून नाहीत?"

"असतील की. पण मी त्यांत नाही जाणार."