खऱ्या सिगारचं गिऱ्हाईक

दुकान मालाने भरलेलं असलं की सांगण्यासारखं फारसं काही घडत नाही. गिऱ्हाईक येतं, वस्तू घेतं, जातं. माल कमी व्हायला लागला की लोक काउंटरला कोपर टेकून बोलायला लागतात, आणि मग किस्से साठत जातात. रत्नागिरीतल्या आमच्या दुकानात हल्ली मालापेक्षा किस्सेच जास्त आहेत. त्यातले बहुतेक सिगारचे.

माझे सासरे, अण्णा, मूळचे आंजर्ल्याचे. उमेदीची सगळी वर्षं बोटीवर स्टुअर्ड होते. ऑफिसरांच्या सिगार सांभाळायच्या, सुकू द्यायच्या नाहीत आणि बुरशीही येऊ द्यायची नाही, हे त्यांच्याकडे असायचं. बोटीवरची नोकरी सुटली तेव्हा त्यांनी इथे दुकान टाकलं. अत्तरं, लायटर, चांगली पेनं, आणि मागच्या कपाटात देवदाराच्या पेटीत सिगार. मुंबईच्या आयातदाराकडून आलेला, ड्यूटी भरलेला, बिलाचा माल. रत्नागिरीत सिगार कोण ओढतं, असं लोक हसून विचारायचे. पण ओढणारे होते. दोन-तीन डॉक्टर, काही आंबा बागायतदार, रजेवर आलेले बोटीवरचे ऑफिसर, समुद्रकाठच्या हॉटेलांत उतरणारे पाहुणे. माझा नवरा लोट्याला कंपनीत, आठवड्याने घरी येतो. त्यामुळे काउंटरवर मी आणि अण्णाच.

*

एकदा पुण्याकडचा एक तरुण आला. मी पेटी काढून दिली. त्याने ती उलटसुलट केली आणि झाकणावरच्या घशाच्या कॅन्सरच्या चित्रावर बोट ठेवलं.

"काकू, ही इथली वाटते. ओरिजिनलवर असलं चित्र नसतं." त्याने मोबाइलवर कुठल्याशा विक्रेत्याचा फोटो दाखवला. स्वच्छ, चकचकीत पेटी, आमच्या निम्म्या किमतीत.

मी त्याला समजावून सांगितलं. बाहेरचा माल कायद्याने इथे विकायचा तर ते चित्र लावावंच लागतं. चित्र नाही म्हणजे माल चोरून आलेला किंवा बनावट. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं.

"पण काकू, एवढी मोठी कंपनी स्वतःच्या मालावर असलं घाणेरडं चित्र कशाला लावेल?"

तो गेल्यावर अण्णा म्हणाले, "त्याचा प्रश्न बरोबर आहे गो. आपलंच उत्तर कुणाला पटण्यासारखं नाही."

*

माझ्या नवऱ्याच्या कंपनीत एक साहेब आहेत. परदेशातून पाहुणा येणार म्हणून त्यांनी कुठूनशी ऑनलाइन सिगारची पेटी मागवली. नवऱ्याने सांगून पाहिलं, आमच्याकडून घ्या. साहेब म्हणाले, "तुमच्याकडे डायरेक्ट क्यूबाची मिळते का?"

पाहुण्याने जेवणानंतर एक उचलली. नाकाशी धरली. जरा थांबला. मग हसून आभार मानले आणि ती कोटाच्या खिशात ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी साहेब कँटीनमध्ये सगळ्यांना सांगत होते, "इतकी आवडली त्याला, की ओढवेना. घरी जपून ठेवणार म्हणाला."

*

आमच्या शेजारच्या गाळ्यात समीर बसतो. परदेशी नावांच्या पर्स, बेल्ट, घड्याळं, सगळी फर्स्ट कॉपी. मला तो आवडत नसे. एकदा देवरूखच्या कॉलेजातल्या एक बाई त्याच्याकडे पर्स बघत होत्या. मी दारातच उभी होते.

"ही खरी आहे का?" त्यांनी विचारलं.

"नाय मॅडम. कॉपी आहे. शिलाई दोन वर्षं टिकेल, चेन त्याआधी जाईल. मग इकडे आणू नका, मी बदलून देत नाय."

बाईंनी पर्स घेतली. मग आमच्याकडे येऊन अत्तराची बाटली हातात घेतली, वास घेतला, बिलसुद्धा वाचलं आणि बाटली परत ठेवली.

"तुमचं खरंच असेल हो," त्या म्हणाल्या, "पण त्याचा कसा, विश्वास वाटतो."

*

सिगारच्या रिकाम्या पेट्या सुंदर असतात. अण्णा त्या मागेल त्याला देत. आळीतल्या बायका त्यांत सुया, बटणं ठेवायच्या. पुढे एक गृहस्थ नेमाने यायला लागले. बोलायला गोड. म्हणायचे, घरी शोपीस मांडतो. अण्णांना बरं वाटायचं. तळाला आमच्या दुकानाचं लेबल असायचं, तेही ते जपून न्यायचे.

पुढच्या हिवाळ्यात डॉक्टर आले. आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. मुलीच्या साखरपुड्याला त्यांनी हायवेवरच्या एका हॉटेलातून पेटी घेतली होती. तिच्या तळाला आमचं लेबल होतं, म्हणून घेतली. पाहुण्यांच्या जिभा चरचरल्या, व्याह्यांना उलट्या झाल्या. ते आवाज न चढवता सांगत होते.

"अण्णा, मी हॉटेलवाल्यावर विश्वास ठेवला नाही. तुमच्या नावावर ठेवला."

अण्णांनी ब्लेडने एक सिगार उभी चिरली. वर एक पान बरं होतं. आत कसलासा वाळका चुरा आणि गोणपाटाचा धागा. अण्णांनी पेट्या नेणाऱ्या गृहस्थांची गोष्ट सांगितली. डॉक्टरांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"असेल तसं," ते म्हणाले आणि पेटी तिथेच ठेवून गेले. पुन्हा आले नाहीत. देवळात भेटले तर माझ्या मुलांची चौकशी करतात, अण्णांची करत नाहीत.

त्या संध्याकाळी अण्णांनी उरलेल्या सगळ्या रिकाम्या पेट्या परसात नेऊन जाळल्या. लाकडाचा वास आळीभर पसरला. शेजारच्या वहिनी कुंपणाशी आल्या आणि म्हणाल्या, "एखादी तरी ठेवायची होती हो. माझ्या सुयांच्या पेटीची बिजागरी निखळली आहे."

*

यानंतर आयातदाराचा माणूस एकदाच आला. चहा प्यायला, इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, "अण्णा, आता माल पाठवणं परवडत नाही. मोठ्या शहरांतसुद्धा गिऱ्हाईक आमची पेटी बघून नाक मुरडतं. खोटी इतकी ओढून झाली आहे, की लोकांना तीच चव पाठ झाली आहे."

अण्णा म्हणाले, "मग तुम्ही काय करणार?"

"मी? मी एअर फ्रायरमध्ये चाललोय."

*

शेवटी एक वकील उरले होते. पत्नी गेलेली, मोठ्या घरात एकटे. मुलगा दुबईला, दोन दोन वर्षं येत नाही. दर रविवारी कोर्टाच्या जुन्या गोष्टी घेऊन दुकानात यायचे, एक सिगार घ्यायचे आणि बाहेरच्या बाकावर बसून ओढायचे. त्यांच्या एकट्यासाठी अण्णा शिल्लक माल सांभाळत होते. पावसाळ्यात दिवसातून दोनदा पेटी उघडून बघायचे.

एका रविवारी वकील आले ते पिशवी छातीशी धरून. चेहरा फुललेला.

"मुलाने पाठवली, अण्णा. दुबईहून. त्याच्या लक्षात होतं, बाप सिगार ओढतो म्हणून."

त्यांनी पेटी काउंटरवर ठेवली. मी जवळून बघितली. सिगारवरच्या कागदी पट्टीची सोनेरी शाई अक्षरांबाहेर पसरली होती, आणि कंपनीच्या नावात एक अक्षर कमी होतं. मी अण्णांकडे बघितलं. अण्णांनी एक उचलली, अंगठ्याने दाबली, कानाशी धरली, वास घेतला. त्यांना वेळ लागला.

"कशी आहे?" वकिलांनी विचारलं.

"उत्तम," अण्णा म्हणाले. "मुलाला पारख आहे."

वकील बाकावर बसले आणि ओढायला लागले. दोन झुरक्यांत खोकला आला, डोळ्यांत पाणी आलं. "स्ट्राँग आहे," ते म्हणाले. अण्णांनी मला पाणी आणायला सांगितलं.

पुढचे काही रविवार ते मुलाचीच पेटी घेऊन येत होते. मग एका रविवारी त्यांनी अण्णांकडची एक मागून घेतली. पेटवली. जरा वेळ तोंडात धूर धरला आणि सिगार हळूच बाजूला ठेवली. मग उठून आत आले आणि आवाज खाली आणून म्हणाले,

"अण्णा, राग मानू नका. तुमच्या मुंबईवाल्याने तुम्हाला फसवलं आहे. इतकी वर्षं. मुलाची ओढली म्हणून मला फरक कळला, नाहीतर मलाही कळलं नसतं."

मी बोलायला तोंड उघडलं. अण्णांनी काउंटरखालून माझा हात दाबला.

"मलाही शंका येत होती," अण्णा म्हणाले.

वकिलांना फार वाईट वाटलं. त्यांनी खिशातून मुलाच्या पेटीतली एक सिगार काढली आणि अण्णांच्या हातात ठेवली. "ही राहू दे तुमच्याकडे. खरी कशी असते, ते बघायला."

अण्णांनी ती दोन्ही हातांनी घेतली. वकील वळणावरून दिसेनासे होईपर्यंत दारात उभे राहिले. मग मागच्या कपाटातली देवदाराची पेटी काढली, तिच्यातल्या सगळ्या सिगार काढून वर्तमानपत्रावर ठेवल्या, आत नवा ओला स्पंज बसवला, आणि ती एकच सिगार मधोमध ठेवून झाकण लावलं.