कोरी नळी आणि मिशी

प्रयोगशाळेत त्याला सगळे मिशाळच म्हणायचे. मास्क लावला तरी मिशीची दोन्ही टोकं बाहेर डोकवायची, आणि मॅडमनी कितीदाही बजावलं तरी हा पठ्ठ्या ऐकेल तर शपथ! काम मात्र चोख. शिंपल्यातल्या कालवांचं मांस वाटायचं, त्यातून जनुकांचा अर्क काढायचा आणि यंत्रात ठेवायचा. पोट बिघडवणारा जंतू असला तर यंत्र त्याच्या जनुकाच्या इतक्या प्रती काढतं, की बेट्याला लपायला जागाच उरत नाही. सोबत एक कोरी नळी असते, नुसत्या शुद्ध पाण्याची. तिच्यातही जंतू दिसला, तर अख्खी चाचणी बाद.

एकदा त्याच्या ताईने खाडीत वाढवलेली कालवं तपासायला आली. जंतू निघाला तर विक्री बंद, आणि ताईचं घर तर त्या विक्रीवरच चालायचं. हा सगळ्यांदेखत बोलून बसला, "ताईच्या कालवांत जंतू निघाला तर मिशी उतरवीन." आदल्याच रविवारी तिच्याकडे त्याने कच्ची कालवं ओरपली होती आणि ढेकर देऊन घरी आला होता. भाचीनेही चार खाल्ली. तेव्हापासून ती पोट धरून पडली होती आणि ताई तिला शाळा बुडवायची नाटकं म्हणून झापत होती.

जंतू निघाला. पण कोऱ्या नळीतही निघाला! मिशाळचा जीव भांड्यात पडला. पाणी बदललं, नळ्या बदलल्या, तरी तेच. मग मॅडम इरेला पेटल्या. टेबल तपासलं, दाराची कडी तपासली, साहेबांचा टायसुद्धा सोडला नाही. सगळे निर्दोष. शेवटी मिशीवरून कापसाचा बोळा फिरवला आणि मिशी पॉझिटिव्ह आली. साहेबांनी गंभीर चेहऱ्याने त्या अहवालावर सही केली.

ताईला कळलं तशी ती तरातरा आली. तुझ्या झुडपापायी माझी कालवं बदनाम झाली, आत्ताच्या आत्ता उतरव, म्हणून तिने त्याला न्हाव्यापुढे नेऊन बसवलं. न्हाव्याने दोनदा विचारलं, मग डोळे मिटून वस्तरा चालवला. बिचाऱ्याने पैज हरायच्या आधीच फेडली.

चाचणी पुन्हा झाली. कोरी नळी कोरी राहिली. कालवांत जंतू होताच.

बाहेर बाकावर ताई वाट बघत होती. त्याचा हात सारखा ओठावर जात होता आणि तिथे काहीच नव्हतं. मिशीत जंतू आला होता तो तुझ्याच कालवांतून, हे तिला कसं सांगावं ते त्याला कळेना.

"ताई, मिशी खरं बोलत होती," तो म्हणाला.

ताई ताडकन उठली. विक्रीबद्दल तिने चकार शब्द काढला नाही.

"पोरगीसुद्धा खरं बोलत होती," ती म्हणाली, आणि चप्पल अर्धवट पायात अडकवून घराकडे पळत सुटली. डॉक्टरला घेऊन तोही मागोमाग पोचला, तर भाचीने मामाकडे टक लावून पाहिलं आणि आईला विचारलं, यातले डॉक्टर कोण?